किल्ल्यातला राजा आणि शेततळ्यातला मी

सर्व नातेवाईक, हितचिंतक, हितशत्रू आणि माझ्या माघारी माझ्याविषयी बोलणारे तमाम सन्माननीय ग्रामस्थ यांस कळविण्यात येते की, यंदाच्या वैशाखात, भर दुपारी, प्रस्तुत इसम स्वतःच्या मालकीच्या शेततळ्यात पडला असून त्यास बाहेर येता आलेले नाही. सदर इसमाचा आवाज बसलेला आहे. तरी कोणीही त्याची वाट पाहू नये, असे त्याने स्वतःच सांगून ठेवलेले आहे.

यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ते मी आदल्याच दिवशी, घरच्या ओसरीवर, एक हात छातीवर ठेवून म्हटलं होतं.

माझा धंदा बोलण्याचा. लग्न असो, सत्कार असो, कोणाचा निरोप समारंभ असो, भोकरदनच्या आसपास माईक दिसला की त्याच्यामागे मी असतो. वैशाखातल्या लग्नांनी माझा घसा पार कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस मौन. बायकोच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग मी जाहीर केलं की मौनच पाळायचं तर ते घरात कशाला, निसर्गाच्या कुशीत पाळू. केदारखेड्याकडच्या शेतावर जाऊ, एकांतात राहू. कोणी फोन करायचा नाही, कोणाला पाठवायचं नाही, माझी काळजी करायची नाही. बायकोने भाकरी बांधून दिल्या आणि सगळ्या अटी इतक्या लगेच मान्य केल्या की माझा थोडा अपमानच झाला.

शेतावर वाटेकरी नवरा-बायको राहतात. ती दोघं बदनापूरला भाचीच्या लग्नाला निघाली होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. छान, म्हटलं. आता मी आणि निसर्ग.

निसर्गाशी ओळख वाढवायची तर आधी आडवं व्हायला जागा हवी. बांधावरच्या लिंबाला झोका बांधावा असं मनात आलं. दोर शोधला तर तो शेततळ्याच्या काठावर, खुंटीला बांधलेला सापडला. जाड, गाठी मारलेला, एक टोक खाली पाण्यात सोडलेलं. तो तिथे कशासाठी असतो हे मला चांगलं ठाऊक होतं. शेततळं म्हणजे माणसाने खणलेला चौकोनी खड्डा. त्याच्या उतरत्या भिंतींवर काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्याला आम्ही कागद म्हणतो. कागदामुळे पाणी मुरत नाही. कागदामुळे आत पडलेलं कुत्रंही वर येत नाही, म्हणून दोर सोडून ठेवायचा. पण आज इथे पडायला आहे कोण, असा विचार करून मी तो खुंटीवरून सोडून घेतला. झोका फर्मास झाला.

सदरा फांदीला अडकवला, फोन त्याच्या खिशात. फोनच्या घंटीला मी हौसेने कोकिळेचा आवाज लावलेला आहे, हे इथे नमूद करतो. बनियन-पायजम्यावर, चपला काढून, झोके घेत मी एकांत भोगू लागलो. बऱ्यापैकी कंटाळा आल्यावर उठलो आणि शेततळ्यात किती पाणी उरलं ते बघायला काठावर जाऊन वाकलो. चष्मा नाकावरून घसरला आणि कागदावरून थोडा खाली जाऊन उताराच्या मधोमध थांबला. हात लांब केला तर पोचेना. म्हणून एक पाय टाकला.

तो एक पाय टाकल्यावर पुढचं काहीही माझ्या हातात राहिलं नाही. मी चष्म्याच्या शेजारून, त्याच्याकडे बघत बघत, बसल्या बसल्या खाली गेलो. चष्मा होता तिथेच राहिला.

पाणी गुडघाभर. हिरवं, वरून कोमट, खाली गार. मी उभा राहिलो, इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना याची खात्री केली. त्या क्षणी मला कोणी पाहिलं नाही याचा खरोखर आनंद झाला होता. म्हातारपणीही मला या आनंदाचं हसू येईल.

मग वर चढण्याचे प्रयोग सुरू झाले. पळत जाऊन चढलो, घसरलो. पोटावर पालीसारखा चिकटलो, घसरलो. ओले पाय म्हणून घसरतात असं वाटून पाय पायजम्याला पुसले. पायजमाही ओलाच होता. चारी बाजू सारख्याच उताराच्या, चारी बाजूंनी मी सारखाच खाली आलो. माझ्या शेजारी एक बेडूकही हाच उद्योग करत होता. तो दोन उड्या वर जाई, तिसरीला पाण्यात. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

ऊन आता कागदावर उतरलं. हात टेकवला की तव्यावर टेकवल्यासारखा चटका बसे. पाण्याच्या बाहेर बसवेना. म्हणून पाण्यातच बसलो, छातीपर्यंत, बनियनसकट, डोक्यावर ओला रुमाल. वर आकाशाचा एक चौकोन. त्यात एक धूसर घार गोल फिरत होती. एरवी मी तिचं कौतुक केलं असतं. आता मला वाटू लागलं की ती माझा अंदाज घेते आहे.

आणि तेवढ्यात वर कोकिळा ओरडली.

लिंबावर दोन खऱ्या कोकिळा सकाळपासून होत्या. सदऱ्याच्या खिशात तिसरी. चौथी असेल तर ती निसर्गाची. आता ही ओरडते ती पक्षीण की बायको, हे कळायला मार्ग नव्हता. सुरात ओरडली की वाटायचं पक्षीण. थांबून पुन्हा तेवढंच ओरडली की वाटायचं बायको. मी खालून हात हलवून ‘आलो, आलो’ म्हणत होतो, कोणाला ते मलाच ठाऊक नाही. एकदा तर अशी लांबलचक ओरडली की बायकोच असणार असं वाटून मी मनोमन तिची क्षमा मागितली. मग दुसऱ्या झाडावरून तिला उत्तर आलं.

एकांताविषयी मी माईकवरून फार बोललेलो आहे. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक गुरुजींना मी निसर्गाच्या सान्निध्यात पाठवलेलं आहे. तिथे बसल्या बसल्या मला एवढंच उमगलं की बाहेर पडायची वाट असली तर तो एकांत. वाट नसली तर तो कोंडवाडा, मग भोवती कितीही फुलपाखरं उडोत. उद्या सकाळी माणसं येणार. तोवर हे ऊन सोसायचं, मग अंधार, अंधारात हे पाणी. भाकरी वर, पिण्याचं पाणी वर. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तेव्हाच घंटी ऐकू आली. शेळीच्या गळ्यातली, टिण टिण, बांधापलीकडून.

मी उठून उभा राहिलो, माझा चेहरा फुलला, आणि लगेच पडला. कारण बांधापलीकडे कोणाच्या शेळ्या चरतात हे मला माहीत होतं. त्या शेळ्यांमागे असणारा माणूस माझा लहानपणचा दोस्त होता आणि त्याला हाक मारून काही उपयोग नव्हता. हिवाळ्यात गावी परत आल्यापासून तो एक शब्द बोललेला नव्हता. कोणाच्या हाकेला त्याने मान वळवलेली नव्हती.

हा दोस्त कोण ते सांगतो. आमची घरं एकाच गल्लीत, पाठीला पाठ. त्याचा बाप गावात वजनाचा माणूस, पंगतीत मानाने वाढायला बोलवायचे असा. दारू नाही, तंबाखू नाही, फक्त आवाज. तो ओरडला की गल्लीतली कुत्री उठून जागा बदलायची. आणि पोराचं काही चुकलं, पाटी फुटली, गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली, की तो पोराला बळदात टाकायचा. बळद म्हणजे घरातच भिंतीला लागून बांधलेली धान्याची बंद खोली. दार नाही. वरून एक झाकण, तिथून धान्य ओतायचं. खाली जमिनीलगत एक भोक, तिथून काढायचं. भोकाला चिंध्यांचा बोळा. उन्हाळ्याच्या शेवटी बळद रिकामं पडायचं, आणि तेच दिवस पोराच्या वाईट नशिबाचे. आतल्या भिंती लिंपून गुळगुळीत केलेल्या, उंदीर चढू नये म्हणून. पोरगंही चढत नसे.

बाप रानात गेला की त्याची मोठी बहीण मला खूण करायची. मी मागच्या दाराने जायचो, बोळा काढायचो आणि भोकापाशी पालथा पडून आत बोलायचो. मी काय बोलणार? मला गोष्टीच येत होत्या. त्याही पुरत्या येत नव्हत्या, म्हणून जोडून जोडून लांबवायचो. आतून तो ‘हं’ म्हणायचा. ‘हं’ आला की पुढे. माझ्या आयुष्यातला पहिला माईक म्हणजे ते भोक, आणि इतका चांगला श्रोता पुढे मला मिळाला नाही, कारण बाकीच्यांना उठून जाता येतं.

त्यातली एक गोष्ट राजाची होती. राजा आपल्याच किल्ल्यात अडकून पडतो, ती. ती आम्हा दोघांचीही लाडकी. पण एके दिवशी गोष्ट ऐन रंगात आलेली असताना भोकातून त्याने मला थांबवलं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो.

तुम्हालाही लहानपणी हे सांगितलं असेल. पोरांनी कामाच्या वेळी गोष्टीसाठी मागे लागू नये म्हणून काढलेली ही युक्ती. पण आम्ही ती शब्दशः धरली, कारण त्याचा मामा खरोखरच यायचा होता. बदनापूरकडचा. पोराला शिकायला आपल्याकडे घेऊन जाईन असं तो म्हणून गेला होता. पोरगं त्या एका माणसावर दिवस काढत होतं. तेव्हा गोष्ट बंद, राजा किल्ल्यात अडकलेला तो अडकलेलाच. बळदात तो दिवसाच असायचा आणि रात्री मला घराबाहेर सोडत नसत. मग मी भोकाला तोंड लावून नुसता पडून राहायचो आणि आम्ही दोघं मिळून मामाची वाट बघायचो.

मामा आला नाही. बापाने आणि मामाने परस्पर काय भांडून घेतलं ते मोठ्यांनाच ठाऊक. आमचा हिशेब वेगळा होता. इतक्या गोष्टी दिवसा सांगून झाल्या होत्या की मामा पार विदर्भात निघून गेला असणार.

दहावीच्या आधीच तो पळाला. बदनापूरला रेल्वेत बसला एवढंच कळलं. पुढे बातम्या येत. हैदराबादला दिसला, बोअरच्या गाडीवर होता, कुठे भांडण केलं, कुठे पिऊन पडला. एकदा आला, बापाच्या मातीला. उभा राहिला आणि कोणी विचारायच्या आत निघून गेला. आणि यंदा हिवाळ्यात कोणी तरी त्याला भोकरदनच्या स्टँडवर बसलेला पाहून बहिणीला कळवलं. तिने त्याला घरी आणला. ती आमची आक्का, सगळ्या गावाचीच आक्का. तिचं शेत माझ्या शेताला लागून.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गळ्यात काही दोष नाही, बोलायचं की नाही ते त्यांनीच ठरवायचं. गावाला ते पटलं नाही. गावाने त्याच्या कानात ओरडून पाहिलं, अंगारा लावून पाहिला. मी जाऊन त्याच्यापुढे माझा अख्खा कार्यक्रम करून दाखवला, चुटके, नकला, सगळं. तो शेळीकडे बघत राहिला. शेळी माझ्याकडे बघत होती. आक्का मात्र माझ्या कार्यक्रमाला हसली आणि हसता हसता त्याच्याकडे वळून म्हणाली, “मला एखादी शिवी तर दे रे भाऊ. वंगाळातली वंगाळ दे. पर बोल.”

तर असा माणूस बांधापलीकडे. आणि मी इथे.

तरीही मी ओरडलो. पाण्यात बसलेला माणूस दुसरं काय करणार? बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून त्याच्या नावाने हाक मारली. शेततळ्याच्या भिंतींनी ती घुमवून मोठी केली. घंटी थांबली. मी आणखी जोरात ओरडलो. घंटी वाजू लागली आणि लांब लांब गेली.

पुन्हा हाक, पुन्हा घंटी लांब. मी चिडलो, दोन शिव्याही दिल्या. घंटी आणखी दूर. माझा आवाज चिरकत शेवटी फाटला आणि त्यातून फक्त हवा यायला लागली. आणि तेव्हा माझं मलाच ऐकू आलं की घुमणारी ती हाक कोणाच्या हाकेसारखी होती. खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडणारा माणूस त्याने लहानपणी फार ऐकला होता.

मी गप्प बसलो. घसा संपला होता. ऊन जरा कलल्यासारखं वाटलं, पण कागद तसाच तापलेला. बेडूक अजून उड्या मारत होता. माझा धीर सुटायला लागला, आणि धीर सुटायला लागला की मी बोलतो, त्याला माझा इलाज नाही. ओठातल्या ओठात, उरलेल्या कुजबुजीत, मी बेडकाला सांगायला लागलो. एक होता राजा.

भोकापाशी पडून बोलायचो तेवढाच आवाज निघत होता. त्याहून मोठा निघतच नव्हता.

एक होता राजा. त्याने शत्रूच्या भीतीने किल्ल्याचा दरवाजा आतून लावून घेतला आणि किल्ली उशाला घेऊन झोपला. सकाळी उठून बघतो तर किल्ली राजाच्या म्हशीने सरकीबरोबर खाल्लेली. झालं. राजा आत, राणी आत, फौज आत, न्हावीसुद्धा आत. फौजेने दरवाजाला धडका दिल्या, पण दरवाजा होता शत्रूच्या हत्तींसाठी केलेला, तो आपल्या माणसांना कुठला दाद देतो? भिंतीवर चढायला गेले तर राजानेच त्या तेल लावून घोटून घेतलेल्या. शिपाई घसरून एकमेकांच्या डोक्यावर पडू लागले. हे सांगताना मला माझंच हसू आलं. मग वैदू पुढे आला, तो म्हणाला म्हशीला जुलाब देऊ. न्हावी म्हणाला तिला गुदगुल्या करू. म्हैस रवंथ करत बसली. रोज सकाळी अख्खा दरबार म्हशीच्या मागे उभा, किल्ली कधी पडते म्हणून. पुढून बघायला कोणी नाही. राणी तेवढी गोठ्यात येऊन तिचं दूध काढून न्यायची…

इथे मी थबकलो. घंटी जवळ वाजली होती.

वर बघितलं. चष्मा नसल्याने काठाची नुसती धूसर रेघ दिसत होती. रेघ रिकामी. मी मान खाली घातली. आता हाक मारायची नाही, वर बघायचंही नाही. तोच आवाज, तोच वेग. पण पुढे जाताना एक अडचण आठवली आणि ती मी बेडकाला सांगूनच टाकली. म्हटलं, बाबा रे, ही दिवसाची गोष्ट आहे. मामा वाट चुकतो म्हणतात. पण आता आपल्या वयाला कोणाचाच मामा वाटेवर नाही. जो यायचा नव्हता तो आला नाही, आणि तो गोष्टींमुळे चुकला नव्हता. तेव्हा सांगायला हरकत नसावी.

वर काहीच हललं नाही. घंटीही नाही. कोकिळासुद्धा, चौघीच्या चौघी, गप्प.

मग लिंबाकडून फांदी करकरल्याचा आवाज आला. कोणी तरी झोका सोडत होतं. एक गाठ, थोडा वेळ, दुसरी गाठ. माझं काळीज त्या गाठींवर टांगलेलं. मी बोलतच होतो, काय बोलत होतो ते आता आठवत नाही, राणीला आणि न्हाव्याला मी कुठे तरी एकाच वाक्यात कोंबलं असेल. काठावर एक उभी, काळी आकृती आली, तिच्या शेजारी शेळीचं डोकं. दोराचं टोक कागदावरून सळसळत खाली आलं, आलं, आणि माझ्या हाताच्या वर थांबलं. मी टाचा उंचावल्या. बोटं गाठीला लागेनात. दोर संपलेला नव्हता. उरलेलं वेटोळं मला त्याच्या हातात अंधूक दिसत होतं.

मी हात वर करून तसाच उभा राहिलो. तो खाली बघत होता. खाकरला, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला, एकदा, दोनदा. शेळी दचकून बाजूला झाली. आणि हिवाळ्यापासून, किंवा खरं तर त्याही फार आधीपासून, मिटलेल्या त्या तोंडातून एका दमात निघालं,

“म्हैस न्हाई, रेडा होता तो, दूध कुठलं देतो! आन् आधी त्या राजाला भाईर काढ, मंग तुला काढतो.”